आधी जोड्या, मग रांग

गोंदिया जिल्ह्यात दिवसभरात जितक्या वेळा 'काऊन' हा शब्द उच्चारला जातो, त्यातला निम्मा वाटा एकट्या माझ्या मामेसासऱ्यांचा आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. बाकीचा जिल्हाही 'का' म्हणायच्या जागी 'काऊन'च म्हणतो, पण उत्तर मिळालं की, आणि पुष्कळदा न मिळताही, आपापल्या कामाला लागतो. मामाजी लागत नाहीत. समोरच्याला पहिलं उत्तर देऊन सुटल्यासारखं वाटत असतानाच त्यांचा दुसरा 'काऊन' येतो, आणि तिसऱ्यानंतर माणसाला आपण आजवर काय समजून जगत होतो अशी शंका यायला लागते. माझ्यावर ही पाळी १९९९ साली, माझ्या स्वतःच्या लग्नात आली. वंदना झाली, हार घालून झाले, आहेर द्यायला लोकांची रांग लागली, आणि बायकोचे हे मामा माझ्यासमोर येऊन, जय भीम करून, मी घड्याळ उजव्या हातात काऊन बांधलं ते विचारू लागले. मी डावखुरा आहे असं सांगितलं. मग डावखुरे उजव्या हातात काऊन बांधतात, हा पुढचा प्रश्न. मागे सगळं वऱ्हाड खोळंबलं होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच त्या गोष्टीचा विचार करत स्टेजवर उभा होतो.

मामाजींचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. इटियाडोह धरणाचा कालवा त्यांच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेनं जातो. शिक्षण दहावीपर्यंत आणि नोकरी गोंदियाच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचराची. आधी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते, पुढे कॉम्प्युटर आले तशी त्यांची तिकडे बदली झाली. आणि मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलो. त्यामुळे एक पेच उभा राहिला. नात्यानं ते माझे वडीलधारे, नोकरीनं मी त्यांचा साहेब. मामाजींनी तो पहिल्याच दिवशी सोडवून टाकला. कॉलेजच्या फाटकाच्या आत मी 'सर' आणि बाहेर 'जवाईबापू'. ही सीमा ते इतकी काटेकोर पाळत की संध्याकाळी बोलत बोलत आम्ही बाहेर पडायचो तेव्हा एकाच वाक्याची सुरुवात 'सर'नं होऊन शेवट 'जवाईबापू'नं व्हायचा.

एकदा त्यांना ताप आला म्हणून मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. एक जेवणाआधीची आणि एक जेवणानंतरची, हे ऐकल्यावर मामाजी जे बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. बाहेर रोगी ताटकळले होते. शेवटी डॉक्टरांनी हातातला कागद उलटा करून त्यावर पोटाचं चित्र काढलं. मामाजींनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि मगच गोळ्या घेतल्या. गोंदिया स्टेशनवर गार्डाचा डबा शेवटीच काऊन, यावरून त्यांनी एका गार्डाशी इतकी चर्चा केली की त्याला धावत जाऊन शिटी वाजवावी लागली. पण त्यांना मिळालेलं उत्तर कधी वाया गेलं नाही. शर्टाच्या खिशात एक छोटी वही असे, तिच्यात ते सगळं लिहीत, आणि ज्याचं उत्तर मिळालं नाही त्याच्यापुढे 'उत्तर नाही' असं लिहून खाली रेघ ओढत.

२००५-०६ च्या सुमाराला कॉलेजनं एक मोठी पेटी घेतली. तिच्यात आठ हार्डडिस्क होत्या, वरच्या कप्प्यात चार आणि खालच्या कप्प्यात चार. मोठी फाईल एकाच डिस्कवर न ठेवता तिचे तुकडे करून चार डिस्कवर वाटून द्यायचे, म्हणजे चार बायकांनी एकाच बांधीत रोवणा, भाताची लावणी, करावी तसं काम झपाट्यानं उरकतं. आणि एखादी डिस्क बिघडली तर घात होऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या एका डिस्कवर ठेवायची. तुकडे पाडणं आणि जोड लावणं, एवढीच त्या पेटीची विद्या. ती बसवायला आलेल्या तरुणानं वरच्या चौघींची एक रांग केली, खालच्या चौघींची दुसरी रांग केली, आणि खालची रांग वरच्या रांगेची नक्कल म्हणून जोडून टाकली. मामाजी दिवसभर त्याच्या शेजारी बसून होते. त्यांनी विचारलं, की आधी वरची एक आणि खालची एक अशा जोड्या बांधून मग त्या चार जोड्यांची रांग काऊन नाही केली. तो म्हणाला, "अंकल, एक ही बात है. आठ डिस्क हैं, सब डबल है." कंपनीच्या कागदावर मात्र जोड्याच छापलेल्या होत्या. मामाजींनी वहीत लिहिलं: कागदावर आधी जोड्या, पेटीत आधी रांगा. काऊन? उत्तर नाही. खाली रेघ. त्याखाली त्यांनी आठही डिस्कवरचे नंबर क्रमानं उतरवून घेतले, आणि एक तुकडा केवढा असतो तेही त्या पोराला विचारून टिपून ठेवलं.

मग त्यांनी मला विचारलं. मी हा विषय सात वर्षं शिकवत होतो. मी सांगितलं की दोन्हींत डिस्का आठच, दोन्हींत सगळं दुप्पट, त्यामुळे फरक नावापुरता आहे. मामाजी वही खिशात ठेवून निघून गेले. तीन दिवस त्यांचा एकही प्रश्न आला नाही तेव्हा मला काळजी वाटू लागली. चौथ्या दिवशी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं.

दुपारी जेवणाची पंगत बसली. समोरासमोर दोन रांगा, इकडे मुलीकडचे चार, तिकडे मुलाकडचे चार, पत्रावळी मांडलेल्या. भात यायचा होता. मामाजी मधल्या वाटेत उभे राहिले आणि त्यांनी आठही जणांना एकेक शब्द वाटला. 'वऱ्हाड', 'सकाळी', 'देवरीहून', 'आलं', हे चार शब्द इकडच्या रांगेला, आणि तेच चार तिकडच्या रांगेला, अशा बेतानं की समोरासमोरच्या दोघांजवळ एकच शब्द. मग म्हणाले, की समजा आधी जोड्या बांधल्या. नवरदेवाच्या काकांकडे बोट करून, "हे मेले असं समजा." मग माझ्या साळ्याकडे बोट करून, "अन् हाही मेला." आणि उरलेल्या सहा जणांकडून त्यांनी वाक्य म्हणवून घेतलं. काकांचा 'देवरीहून' समोरच्याजवळ होता, साळ्याचा 'सकाळी' त्याच्या समोरच्याजवळ होता. वऱ्हाड सकाळी देवरीहून व्यवस्थित आलं.

"आता आधी रांगा," मामाजी म्हणाले. रांगेतला एक जरी गेला तरी ती रांग अपुरी, म्हणून सगळी उठणार, हा तिचा नियम. काकांना त्यांनी पुन्हा मारलं. काका उठले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या रांगेतले तिघेही उठले. मग साळा गेला, त्याच्याबरोबर इकडचे तिघे उठले. नेमका त्याच वेळी वाढपी भाताची बादली घेऊन आला आणि समोर आठ रिकाम्या पत्रावळी बघून थबकला. मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा जवाईबापू. चारही शब्द या मांडवात हायेत. पन वाचाले पंगतच नाई."

मला सात वर्षांचं शिकवणं डोळ्यांपुढे दिसलं. वरपक्षाला मात्र दुसरंच काही दिसत होतं. जेवणाआधी दोनदा मेल्याचं जाहीर झालेले काका रुसून मांडवाबाहेर खाटेवर जाऊन बसले, आणि मामींना स्वतः बुंदीचं ताट घेऊन त्यांची समजूत काढावी लागली. मामींचा त्या दिवसांत मामाजींवर तसाही राग होता. नकलेचं तत्त्व पटल्यापासून त्यांनी घरात छत्र्या दोन, चष्मे दोन, कुलपाच्या किल्ल्या दोन दोन असं सुरू केलं होतं, आणि जोडीतली एक वस्तू कायम दुसऱ्या खोलीत असे. "सारं दोन दोन करून ठेवलं या मानसानं," मामी एकदा मला म्हणाल्या. "नवरा तेवढा मले एकच भेटला, हे बरं झालं."

मी दुसऱ्या दिवसापासून वर्गात नीट शिकवू लागलो. पेटी मात्र तशीच राहिली. चालू वस्तूला हात कशाला लावायचा, असं प्राचार्यांचं मत पडलं आणि मीही फार ताणून धरलं नाही.

त्या पेटीत कॉलेजचं बरंच काही होतं, पण परत मिळवता न येण्याजोगी गोष्ट एकच होती. आमच्या मराठीच्या मॅडम चार वर्षं सुट्टीच्या दिवशी एसटीनं नवेगावकडे, जिल्ह्यातल्याच प्रतापगडाकडे, कालव्याकाठच्या गावांतून हिंडत होत्या. म्हाताऱ्या बायकांची रोवण्याची गाणी, लग्नाची गाणी, कहाण्या त्या छोट्या यंत्रावर भरून आणायच्या आणि पेटीत ठेवून यंत्र रिकामं करून पुन्हा न्यायच्या. वेगळी प्रत काढू का, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. सगळं दुप्पट आहेच, आणखी कशाला, असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्या म्हाताऱ्यांपैकी कित्येकजणी आता नव्हत्या.

एका मे महिन्यात भर दुपारी विजेचा दाब एकदम चढला. पंखे घोंगावले, ट्यूबलाइट पांढऱ्याफटक झाल्या, आणि पेटी बंद पडली. नागपूरहून एक इंजिनीअर आला. त्यानं आठही डिस्का उपसून टेबलावर पसरल्या, एकेक तपासली आणि दोन गेल्या आहेत असं सांगितलं. मग त्यानं कंपनीचा कागद पाहिला. त्याचा हिशोब सरळ होता. कागदाप्रमाणे चार जोड्या आहेत. वेगवेगळ्या जोड्यांतली एकेक गेली असती तर पेटी चालू राहिली असती. ती बंद आहे, म्हणजे एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या, म्हणजे माल गेला. "गया, सर," तो मला म्हणाला. मॅडम दाराजवळ उभ्या होत्या. त्या भिंतीला टेकल्या. प्राचार्यांनी सांगितलं की प्रवेश सुरू व्हायचे आहेत, पेटी लागणार आहे, तर सगळं पुसून सोमवारी ती कोरी चालू करा.

मामाजी पुढे आले आणि म्हणाले, "पुसाचं नाई." प्राचार्यांनी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की कागद खोटा आहे. पेटीत जोड्या नव्हत्या, रांगा होत्या. वरच्या रांगेतली एक गेली म्हणून वरची रांग उठली, खालच्या रांगेतली एक गेली म्हणून खालची उठली. पण शब्द सगळे मांडवातच आहेत. मांडवाचा संदर्भ प्राचार्यांना लागण्यासारखा नव्हता. परिचरानं इंजिनीअरला खोटं पाडावं हे त्यांना रुचलं नाही आणि त्यांनी कामाला लागायला सांगितलं. तेव्हा मामाजींनी स्टूल ओढलं, टेबलासमोर ठेवलं, मांडीवर डबा घेऊन बसले, आणि दोन दिवस कॉलेज उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथून हलले नाहीत. इंजिनीअर दोनदा हात लावायला आला आणि दोन्ही वेळा तीन तीन प्रश्न ऐकून परत गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. आम्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली, त्यात हे. मामाजींनी मात्र तो कागद दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर त्यांनी जगाला कारणं विचारली होती. जगानं त्यांना कारण विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी स्टुलावर बसूनच सात पानी उत्तर लिहिलं. त्यात आठ डिस्कांच्या दोन आकृत्या होत्या, नंबर होते, तुकड्याचं माप होतं, बसवणाऱ्या पोराचं वाक्य होतं, आणि शेवटी अशी विनंती होती की हे उत्तर समाधानकारक न वाटल्यास काऊन ते लेखी कळवावं. प्राचार्यांनी तिसऱ्या पानापर्यंत वाचून मला बोलावलं. हे खरं आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, खरं आहे, आणि मला हे आधी कळायला हवं होतं. त्यांनी चार दिवस दिले.

डिस्का टेबलावर एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, पण वहीत नंबर होते. मामाजींनी नंबर वाचले, मी चिठ्ठ्या लावल्या. वरची रांग एक, दोन, तीन, चार. खालची पाच, सहा, सात, आठ. गेलेल्या होत्या दोन आणि आठ. दोनची नक्कल सहा, आठची नक्कल चार, आणि या दोघी ठणठणीत होत्या. वहीत कुठे काही चुकलं नसेल तर एकही तुकडा हरवलेला नव्हता. मूळ डिस्कांशी खेळ नको म्हणून सहा जणींच्या कोऱ्या डिस्कांवर नकला काढायचं ठरलं. कोऱ्या डिस्का बाजारातल्या एका दुकानदारानं चार दिवसांसाठी उसन्या दिल्या. मामाजींना पाहून तो मला म्हणाला, "सामान तो वापस आएगा. साथ में दस सवाल भी आएँगे."

नकला व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चार डिस्का माझ्या मशीनला जोडल्या, तुकड्याचं माप वहीतून घातलं, आणि पडद्यावर नुसता चिखल आला. नावं नाहीत, काही नाही. मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. मामाजी पुढे वाकून मी लावलेला क्रम पाहत राहिले. एक, तीन, चार, सहा. सहा नंबर शेवटी काऊन, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, ती खालच्या रांगेतली आहे, बाहेरून आलेली, म्हणून शेवटी लावली. ते म्हणाले, "ते दोनच्या बदली आली हाय. दोनच्याच जागी बसवा, जवाईबापू."

फाटकाच्या आत ते मला असं पहिल्यांदाच म्हणाले होते. मी एक, सहा, तीन, चार असा क्रम लावला. पडद्यावर गावांची नावं उतरू लागली, एकाखाली एक, मॅडमनी दिली होती तशीच. मी त्यातली एक फाईल उघडली. आधी म्हातारीचा खोकला ऐकू आला, मग कुणीतरी तिला पाणी दिलं, मग ती गाऊ लागली. मॅडम उठून आल्या आणि मामाजींचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. मामाजींना काय करावं सुचेना. ते म्हणाले, की आता ह्याची आणखी एक नक्कल काढा आणि ती दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या दिवशी त्यांनी प्राचार्यांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. नागपूरच्या इंजिनीअरला परत बोलावण्यात आलं. त्यानं मामाजींच्या डोळ्यांदेखत आधी जोड्या बांधल्या, मग रांग केली, आणि जाताना वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. नोटीस फायलीत राहिली, पण उत्तरावर प्राचार्यांनी स्वतःच्या अक्षरात 'समाधानकारक' असा शेरा मारला. मामाजी ते पान बघायला अधूनमधून ऑफिसात जात.

पुढच्या थंडीत मॅडमनी ठरवलं की ही गाणी ज्या घरांतली, त्या घरांना ऐकवायची. प्रतापगडाच्या बाजूच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात दुपारी कार्यक्रम झाला. सतरंज्या घातल्या होत्या, दोन स्पीकर होते, आणि आसपासच्या वस्त्यांवरून बायका लेकरांना घेऊन आल्या होत्या. मामाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. मॅडमनी माइकवरून त्यांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मामाजी अर्धवट उठून पुन्हा बसले. खरं सांगायचं तर त्यांनी ती गाणी धड ऐकलेली नव्हती. त्यांना ठाऊक होते ते नंबर. त्या दुपारी ते एकेक गाणं मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. आपली आई, आपली सासू स्पीकरमधून बोलू लागली की त्या त्या बायका पदर तोंडाला लावत.

एक रोवण्याचं गाणं लागलं. म्हातारीचा आवाज पातळ पण स्वच्छ होता. 'बांधीत पानी गं, पान्यात अभाळ, अभाळात दिसे माह्या बापाचं गाव, गावाच्या वाटंवर…' आणि आवाज थांबला. पुढे नुसता कावळा ओरडत होता, मग तोही बंद झाला. मामाजींनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. इथं तुकडा गेला का, असं त्यांनी मला विचारलं. मी फाईल पाहिली, ती पुरी होती. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा आवाज त्याच वाटेवर थांबला.

तेवढ्यात सतरंजीवरून एक पन्नाशीची बाई उठून आली. ती त्या म्हातारीची लेक. मामाजींची अवस्था पाहून ती म्हणाली, "तुमचं काई चुकलं नाई जी. माय एथंच थांबे. पुढचं तिले येतच नोतं."

मग पुढचं कोणाला येत होतं, असं मामाजींनी विचारलं. आजीला, असं ती म्हणाली. आणि आजीबरोबर आणखी कोण म्हणत असे? बाई आठवू लागली. रोवण्यात एक बाई ओळ टाकते आणि दुसरी ती उचलते, तशी आजीची एक जोडीदारीण होती, शेजारच्या घरची. "ते आजीच्या आधीच गेली," ती म्हणाली.

पटांगण हळूहळू रिकामं होत होतं. मॅडम स्पीकरच्या वायरी गुंडाळत होत्या. मामाजींनी खिशातली वही काढली, पेन काढलं, आणि काही न लिहिता तसेच बसले. मग त्यांनी सतरंजीवर त्या बाईला जागा करून दिली.

"जेथवर येते तेथवर मना, बाई," ते म्हणाले.

बाई लाजली, मग गाऊ लागली. तिचा आवाज आईसारखाच पातळ होता. बांधीतलं पाणी झालं, पाण्यातलं आभाळ झालं, बापाचं गाव दिसलं. गावाच्या वाटेवर येऊन ती थांबली, आणि मामाजी मान कलती करून, पुढचं कोणी म्हणेल अशा आशेनं, तसेच बसून राहिले.